पाणीबंदीचे सहा तास

सकाळी आठच्या ठोक्याला सिस्टर पाना घेऊन खोलीत आली आणि तिने बेसिनच्या नळाची मूठ काढून आपल्या एप्रनच्या खिशात टाकली. मग संडासात जाऊन तिथल्याही नळाचं तेच केलं आणि फ्लशच्या टाकीचं झाकण पांढऱ्या चिकटपट्टीने बंद केलं. पट्टीवर तिने पेनने सही केली. मी जन्मात कुठली टाकी फोडून पाणी प्यायलेलो नाही, पण तिची सही बघून मला चोर असल्यासारखं वाटायला लागलं.

"काका, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "मागच्या वर्षी एका बाईंनी फुलदाणीतलं पाणी पिऊन टाकलं होतं."

"फुलं तरी ठेवली का?" मी विचारलं.

ती हसली नाही. तिने मला वजनकाट्यावर उभं केलं आणि अठ्ठ्याहत्तर किलो अशी नोंद केली. आठ तास पाण्याचा थेंब नाही, दर तासाला वजन, जेवढी लघवी होईल तेवढी खुणांच्या भांड्यात मोजून, आणि दर दोन तासांनी रक्त, असं तिने एका दमात सांगितलं. वजन सव्वादोन किलोंच्या वर उतरलं तर चाचणी आधीच थांबवायची. मग ती माझ्या बायकोकडे वळली. "बाई, तुम्ही यांच्यावर लक्ष ठेवायचं. तुम्हाला काही खायचं-प्यायचं असेल तर बाहेर जाऊन."

"माझं लक्ष असतंच," बायको म्हणाली. ती खुर्चीत बसली, पिशवीतून शर्टांचा गठ्ठा काढला आणि काजं करायला सुरुवात केली. शर्टांच्या दुकानाची काज-बटणं ती वर्षानुवर्षं करते. तिला रिकामं बसता येत नाही, आणि दुसरा कोणी रिकामा बसलेला बघवत नाही.

मी क्रेन चालवतो. उंच इमारती बांधताना शेजारी जी टॉवर क्रेन उभी असते, तिच्या टोकाच्या काचेच्या केबिनमध्ये वीस वर्षं बसलोय. वर चढायला शिडीने पंधरा मिनिटं लागतात, म्हणून माणूस सकाळी चढला की संध्याकाळीच उतरतो. त्या केबिनमध्ये एक खुर्ची, दोन दांडे आणि एक रेडिओ एवढंच असतं, आणि मला त्याहून जास्त कधी काही लागलं नाही. खाली जमिनीवर माणसं एकमेकांच्या उरावर बसलेली असतात. वर कोणी नाही. माझ्या आयुष्यात मला स्वतःची अशी एकच जागा मिळाली आणि ती साठ मीटर उंचीवर आहे.

आठ महिन्यांपूर्वी मला तहान लागायला लागली. उन्हातून आल्यावर लागते तसली ती तहान नव्हे. दिवसाला दहा लिटर पाणी प्यायचं आणि दहा लिटर बाहेर टाकायचं, असा धंदा सुरू झाला. साखर तपासली, साखर ठीक. रात्री चार-पाच वेळा उठणं, बसमध्ये चढायची चोरी, लग्नाकार्याला जायची चोरी. बायको आधी घाबरली, मग कंटाळली आणि मग तिने निष्कर्ष काढला की हे सगळं डोक्यातलं आहे. "सवय लावून घेतलीत," ती म्हणायची. "मनाला आवर घाला." तिने घरातले सगळे मोठे तांबे कपाटात ठेवून दिले. मी नळाला तोंड लावून प्यायचो.

केबिनमध्ये मी बाटल्या वापरायचो, कशासाठी ते सांगायला नको. एक दिवस त्यातली एक हातातून निसटली आणि खाली मुकादमापासून दोन हातांवर फुटली. या आजारात लघवीला ना रंग असतो ना वास. मुकादमाने पाणीच समजून रुमालाने तोंड पुसलं. पण मग सुरक्षा अधिकारी वर आला, त्याला आणखी नऊ बाटल्या सापडल्या आणि हात दाखवून अवलक्षण झालं. कंपनीचं पत्र आलं: पंधरा दिवसांत डॉक्टरचा दाखला आणा. मनाचा रोग निघाला तर केबिन बंद. शरीराचा असेल आणि औषधाने आटोक्यात येत असेल, तर विचार करू.

आता खरी गोष्ट सांगतो, जी त्या सकाळी फक्त दोन माणसांना माहीत होती.

क्रेनवाल्याला खालचं दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे खाली उभा असलेला सिग्नलवाला. तो रेडिओवर सांगतो, "वर, वर, हळू, बस," आणि वरचा तसं करतो. माझा सिग्नलवाला वीस वर्षं एकच आहे. तो मला वरचा म्हणतो, मी त्याला खालचा म्हणतो. खरी नावं पगाराच्या दिवशीच आठवतात. आठ महिन्यांपूर्वी लोखंडी सळ्यांचा भारा उचलताना खालचा वजनाखालून चाललेल्या कोणावर तरी ओरडत होता आणि त्याचं "बस" दोन सेकंद उशिरा आलं. भारा परांचीच्या बांबूंत अडकला, सुटला, क्रेनला हिसका बसला आणि माझं डोकं केबिनच्या लोखंडी चौकटीवर आपटलं. उकाड्यामुळे मी हेल्मेट काढून ठेवलं होतं. थोडा वेळ काळोख झाला. मग रेडिओवर त्याचा आवाज आला, "वरच्या, ठीक आहेस ना रे?" मी म्हणालो, "ठीक."

कंपनीचा नियम आहे: डोक्याला मार लागलेला माणूस पुन्हा केबिनमध्ये बसत नाही. एकदा एक चालक वर चक्कर येऊन पडला होता, तेव्हापासूनचा नियम. आणि ज्याच्या इशाऱ्यामुळे मार लागला त्यालाही घरी पाठवतात. खालच्याची साठी दोन वर्षांवर, एक पाय अधू. त्याला कोण ठेवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आम्ही त्याच दिवशी ठरवलं. तहान सुरू झाली तेव्हा तो काही बोलला नाही. फक्त रोज सकाळी पहिल्या फेरीला हुकाला एक बादली लागायची आणि बादलीत पाण्याचे दोन कॅन असायचे.

त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "डोक्याला कधी मार?" तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "नाही."

त्या नऊ वाजता आल्या. माझ्या भाचीच्या वयाच्या, केस वर बांधलेले, आणि रोग समजावून सांगायची हौस. कागदावर त्यांनी मेंदू काढला.

"काका, इथे मेंदूच्या तळाशी एक भाग आहे. रक्त जरा खारट झालं, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं, की त्याला लगेच कळतं. तोच भाग एक हार्मोन तयार करतो. ते या बारीक देठातून खाली उतरतं आणि देठाला लटकलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत साठून राहतं. गरज पडली की ग्रंथी ते रक्तात सोडते. अगदी थोडं, पण रक्ताबरोबर सगळ्या अंगात फिरतं आणि मूत्रपिंडांना सांगतं की पाणी धरून ठेवा."

"आणि ते आलंच नाही तर?"

"तर मूत्रपिंडं सगळं सोडून देतात. बिचाऱ्यांचा दोष नसतो. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं."

हे मला एका क्षणात कळलं. इशारा आला नाही, तर वरचा काय करणार? तो दांडा ओढतच राहणार.

"आज दोन गोष्टींतली एक दिसेल," त्या म्हणाल्या. "पाणी बंद केल्यावर लघवी घट्ट झाली तर हार्मोन ठीक आहे आणि जास्त पाणी पिणं ही सवय आहे. पातळच राहिली तर हार्मोन येत नाही. मग मी ते सुईने देईन आणि बघेन." त्यांनी पेनाचं टोक त्या देठावर टेकवलं. "जोराचा हिसका बसला तर कधी कधी हा देठ दुखावतो. म्हणून मी तुम्हाला माराचं विचारलं होतं."

मी भिंतीकडे बघितलं. बायको मान खाली घालून टाके घालत होती.

माझा हिशेब असा होता: चाचणी आपोआप सांगेल की रोग शरीराचा आहे. मग का झाला, कसा झाला, ते कोण विचारतंय? औषध घ्यायचं, दाखला घ्यायचा आणि पुन्हा वर. फक्त आठ तास तोंड मिटून बसायचं.

पहिले दोन तास निभावले. नऊला सत्त्याहत्तर सहाशे, दहाला सत्त्याहत्तर दोनशे. भांड्यात निव्वळ पाणी. सिस्टर ते उजेडात धरून बघायची आणि आकडा लिहायची. अकराच्या पुढे जीभ टाळूला चिकटायला लागली. ओठ चाटावे तर चाटायला काही नाही. खोलीत काय काय ओलं आहे, याची माझ्या डोक्यात आपोआप यादी व्हायला लागली. फरशी पुसायचं फडकं. खिडकीबाहेर ठिबकणारी एसीची नळी. स्पिरिटचा बोळा. बायकोने दोरा ओवताना त्याचं टोक ओठांत धरलं, तर मला तिच्या त्या ओल्या टोकाचा हेवा वाटला. माणूस किती खाली येतो ते मी त्या खोलीत बघितलं.

"येरझारा घालू नका," बायको म्हणाली. "भोवळ येईल."

"मग काय करू?"

"बसा. मन दुसरीकडे न्या."

"तू नेऊन दाखव."

"मी नेतेच आहे आठ महिने," ती म्हणाली. "सकाळी उठलं की पहिलं काय, तर नळाचा आवाज. रात्री डोळा लागला की संडासाचं दार. माझ्या बहिणीकडे गेलो, तिचा माठ रिकामा केलात. ती काही बोलली नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बघू तुमची चाचणी काय म्हणते."

"आणि रोग निघाला तर?"

"तर मी तुमची माफी मागेन," ती सुई न थांबवता म्हणाली. "पण निघायचा नाही."

खोली दहा पावलांची होती. केबिन तर त्याच्या पाव हिश्शाचीसुद्धा नाही, तरी तिथे मला कधी कोंडल्यासारखं वाटलं नव्हतं. इथे दार उघडं होतं, कोणी मला बांधलं नव्हतं, आणि बाहेर पडायची सोय नव्हती. बाहेर पडलो तर वेडा. गप्प बसलो तर घसा फाटतोय. खरं बोललो तर केबिन जाते आणि खालचा रस्त्यावर येतो. इकडे आड तिकडे विहीर असं आपण सहज म्हणून जातो, पण मला त्या वेळी दोन्हींत उडी मारायला चालली असती.

बाराला वजन शहात्तर पाचशे. सिस्टरने रक्त घेतलं. नळीत रक्त चढताना मी बघत बसलो, आणि तेही ओलं आहे, असा विचार मनात आला. तेव्हा मात्र मी घाबरलो.

साडेबाराच्या सुमाराला बायकोचा फोन वाजला. शर्टांचा दुकानदार होता, त्याला माल आजच हवा होता. आत आवाज नीट येत नव्हता, म्हणून ती बाहेर व्हरांड्यात गेली. जाताना माझ्याकडे बोट रोखून गेली.

आणि खाली शिट्टी वाजली.

रेडिओ बंद पडला की आम्ही शिट्टीवर काम करतो. दोन आखूड, एक लांब, म्हणजे माझ्याकडे बघ. मी खिडकीशी गेलो. दुसरा मजला, खाली मागचं अंगण, आणि अंगणात खालचा, मान वर करून उभा. आदल्या दिवशी मीच त्याला खोली सांगितली होती. चाचणी काय असते तेही सांगितलं होतं, पण त्याच्या टाळक्यात एवढंच शिरलं होतं की वरच्याचं पाणी तोडलंय. आणि वरच्याला पाणी पोचवणं हे त्याचं काम. त्याने पिशवीतून अर्ध्या लिटरची बाटली काढून दाखवली. मग उजवा हात पुढे केला, एक बोट जमिनीकडे वळवलं आणि ते गोल फिरवलं. हूक खाली सोड.

मी ठरवून काही केलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. वीस वर्षं ते बोट फिरलं की माझा हात चालतो, मध्ये विचाराला जागाच नसते. माझ्या हाताने बायकोच्या खुर्चीवरचं काजाच्या दोऱ्याचं रीळ उचललं, दोरा दुहेरी केला, टोकाला जडपणासाठी तिची छोटी कात्री बांधली आणि गजांमधून खाली सोडला. सव्वासात मीटर. त्याने कात्री सोडवून पिशवीत टाकली, बाटलीच्या गळ्याला दोरा बांधला, ओढून बघितला आणि बोट आकाशाकडे करून फिरवलं. वर. हळू. हळू. पहिल्या मजल्याच्या सज्ज्याशी त्याने मूठ मिटली, मी थांबलो. बाटलीचा झोका थांबल्यावर पुन्हा बोट. इतकी सफाईदार फेरी आम्ही कित्येक दिवसांत मारली नव्हती.

बाटली गजांतून आत आली. झाकण उघडलं. काठ ओठाला लागला.

अर्धा लिटर म्हणजे काट्यावर अर्धा किलो. एक वाजता वजन उतरायच्या जागी चढलेलं दिसणार. लपून पाणी प्यायला, म्हणजे सवय. सवय, म्हणजे केबिन गेली. हे सगळं मला दिसत होतं, आणि काठ ओठावरच होता. हात खाली येईना. वरही जाईना.

"प्यायलात?"

बायको दारात उभी होती.

मी मान हलवली. तिने येऊन बाटली हातातून काढून घेतली, डोळ्यांसमोर धरली. पाणी गळ्यापर्यंत काठोकाठ होतं. तिने माझे ओठ अंगठ्याने चाचपून बघितले. कोरडे होते. मग दोरा बघितला, गजांतून खाली बघितलं. खालचा बोट वर करून तसाच उभा होता.

"हा इथे काय करतोय?"

"पाणी घेऊन आला."

"ते दिसतंय. हा माणूस तुमच्या लग्नाच्या बायकोपेक्षा तुमच्या तहानेची जास्त काळजी का करतोय, ते विचारतेय."

एरवी मी थाप मारली असती. पण माणूस तहानेने इतका सुकला की थाप मारायलासुद्धा लाळ उरत नाही. मी पलंगावर बसलो आणि सगळं सांगितलं. सळ्यांचा भारा, चौकट, काळोख, हुकाची बादली. फार वेळ लागला नाही. आठ महिने पोटात ठेवलेली गोष्ट दोन मिनिटांत संपली.

तिने बाटलीचं झाकण लावलं नाही, नुसती ती हातात धरून उभी राहिली. आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मार लागलाय, त्यानंतरच हे सुरू झालं, सगळं माहीत होतं."

"अंदाज होता."

"आणि मी तुम्हाला वेडा समजत होते. माझ्या बहिणीला सांगितलं, यांचं डोकं फिरलंय. तांबे लपवले. तहानलेल्या माणसासमोर तांबे लपवले मी. आणि तुम्ही मला लपवू दिलेत." तिचा आवाज चढला नव्हता, पण हातातल्या बाटलीतलं पाणी हलत होतं. मी त्या पाण्याकडे बघत होतो, याची मला लाज वाटली. "वेड पांघरून पेडगावला निघालात. एका खुर्चीसाठी."

"खुर्चीसाठी नाही गं. त्याची नोकरी..."

"खुर्चीसाठी," ती म्हणाली.

ते खरं होतं. खालच्याची दया मला होती, पण ती नंतरची.

"आता डॉक्टरांना सांगू नकोस," मी म्हणालो. "थोडेच तास राहिलेत. चाचणीत रोग निघेल. मग कोणी काही विचारणार नाही. तुझ्या पाया पडतो."

"मी तोंड उघडणार नाही," ती म्हणाली. "तुमची केबिन, तुमचं डोकं. पण एक ऐकून ठेवा. वेड्या माणसाबरोबर मी आठ महिने काढले, पुढेही काढले असते. वेडा परवडला. खोटारड्याबरोबर कसं राहायचं ते मला माहीत नाही."

तिने बाटली झाकण लावून गजांतून बाहेर काढली आणि दोऱ्याला बांधून खाली सोडली. तिला इशारे येत नाहीत. बाटली भिंतीवर आपटत आपटत गेली. "त्याला जायला सांगा," ती म्हणाली. मी खिडकीशी जाऊन दोन्ही हात छातीवर आडवे धरले. काम थांबव. वीस वर्षांत इशारा नेहमी खालून वर गेला होता, वरून खाली कधीच नाही. खालचा ते हात बघून गोंधळला. मग त्याने बाटली पिशवीत घातली आणि लंगडत भिंतीच्या सावलीला जाऊन बसला. गेला मात्र नाही.

एकला शहात्तर शंभर. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बायको काजं करत होती, पण एकच काज पुन्हा पुन्हा उसवत होती.  शेवटचा तास मला आठवत नाही, एवढंच आठवतं की मी भिंतीला गाल लावून बसलो होतो, कारण भिंत गार होती.

दोनला पंचाहत्तर सहाशे भरले. सिस्टरने आकडा दोनदा बघितला आणि धावत बाहेर गेली. डॉक्टरीणबाई हातात रक्ताचा कागद घेऊनच आल्या. "बास. थांबवा." सुई टोचली गेली. "हेच ते हार्मोन, काका. तुमची ग्रंथी जे रक्तात सोडत नाही, ते मी सोडलंय. आता पाणी प्या, पण मोजून."

सिस्टरने खिशातून मूठ काढून नळाला बसवली. पहिला पेला मी कसा प्यायलो ते सांगण्यासारखं नाही. अर्धं शर्टावर गेलं. दुसरा मागितला, तर तिने भांड्यातला आकडा बघून अर्धाच दिला.

तीनपर्यंत काही कळलं नाही. साडेतीनच्या सुमाराला मला जाणवलं की मी इतका वेळ खिडकीबाहेरच्या तारेवरच्या कावळ्याकडे बघतोय आणि पाण्याचा विचार केलेला नाही. चारला भांड्यात जेमतेम बोटभर लघवी होती, आणि ती पिवळी होती. चांगली गडद पिवळी. सिस्टर भांडं उजेडात धरून पहिल्यांदा हसली.

बायकोने नळाखाली पेला भरला आणि माझ्या हातात दिला. आठ महिन्यांत तिने स्वतःहून दिलेलं हे पहिलं पाणी. मी दोन घोट प्यायलो आणि पेला खाली ठेवला.

"आणखी?" तिने विचारलं.

"नको."

तिने उरलेल्या पाण्याकडे बराच वेळ बघितलं. मग पेला उचलून ते स्वतःच प्यायली, एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून तिनेही काही प्यायलेलं नव्हतं. माफी तिने मागितली नाही, आणि मला ती नकोच होती.

मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना आनंद लपवता येत नव्हता. सवय नाही, मन ठणठणीत, हार्मोनच येत नव्हतं, नाकात मारायचा फवारा आयुष्यभर घ्यायचा, बस्स. दाखला आजच मिळेल. मला वाटलं, सुटलो. मी मनातल्या मनात शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवलासुद्धा.

"फक्त एक," त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोपण काढलं. "ग्रंथी आपण होऊन काम सोडत नाही. गाठ असेल, नाहीतर मार. मार नसेल तर मला गाठ शोधावी लागेल, कदाचित नाकावाटे आत जाऊन तुकडाही काढावा लागेल. म्हणून पुन्हा विचारते. डोक्याला कधी जोराचा मार?"

बायकोची सुई थांबली. तिने वर बघितलं नाही. मला सुचवलं नाही, अडवलं नाही, खाकरलीसुद्धा नाही. ती नुसती माझी वाट बघत होती.

दिवसभर तहान माझ्या वतीने बोलत होती. आता ती नव्हती. डोकं स्वच्छ होतं, आणि दोष टाकायला कोणी उरलं नव्हतं.

"लागला होता," मी म्हणालो. "आठ महिन्यांपूर्वी. केबिनच्या चौकटीवर. दांडा मीच जोरात ओढला. माझी चूक."

शेवटची दोन वाक्यं खोटी होती. बायकोला ते माहीत होतं. तिने दोरा दाताने तोडला आणि दुसरा शर्ट घेतला.

डॉक्टरीणबाईंनी ते सगळं दाखल्यावर लिहिलं, सावकाश, सुवाच्य अक्षरात. मग खालच्या रकान्याशी त्या थांबल्या.

"व्यवसायही लिहायचाय. तुम्ही क्रेन चालवता ना?"

"चालवत होतो," मी म्हणालो.